ओल्या हाताला लावायचं मलम

लसूण सोलणाऱ्या बाईचे हात ओळखायला सोपे. ती डावखुरी नसेल तर तिच्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बघायची. पाकळी धरली जाते ती या तिघांत. सुरी उजव्या हातात, तिची मूठ कोरडी. रस मुरतो तो डाव्या बोटांच्या टोकांत. तिथली कातडी आधी ताणून चकचकीत होते, मग जाड होते, मग तिला बारीक चिरा जातात. चिरेत तिखट-मीठ गेलं की बाई ‘स्स’ करते आणि पुढची पाकळी उचलते.

त्वचेच्या डॉक्टरांना ही तीन बोटं चांगली ठाऊक असतात. लसणातल्या गंधकाच्या रसायनांनी, त्यातही डायअ‍ॅलिल डायसल्फाइडने, हे होतं आणि पातळ हातमोज्यांतूनही ते आत उतरू शकतं. ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी जडते त्यांना कुठलंही मलम पुरत नाही, लसूणच सोडावा लागतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्या घरगुती मलमाबद्दल भरभरून बोलणार आहे त्याच्या हद्दीबाहेरचं हे दुखणं आहे.

मी पुण्यात पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे शटर वर गेलं की दुपारी दोनपर्यंत तिथल्या कुणाचेही हात कोरडे राहत नाहीत, आणि हात फुटायला सुरुवात होते ती इथूनच. ऐकायला उलटं वाटतं. पण दिवसभर जे हात पाण्यात असतात तेच सर्वांत जास्त सुकतात. कुणाचा हात कुठे फुटणार हे कामावरून सांगता येतं. कणीक मळणाऱ्या काकूंचे हात त्या मानाने बरे असतात, कारण कणकेत तेल असतं आणि शेवटचा हात तेलाचाच फिरतो. लाटणाऱ्या दोघींचं तसं नाही. पोळी लाटताना लावायची कोरडी पिठी हातावरचं होतं नव्हतं तेल टिपून घेते. त्यांच्या बोटांच्या पेरांवर पांढरे ओरखडे दिसतात, पुसले तरी जात नाहीत, कारण ते पीठ नसतं, सुकलेली कातडी असते. तव्यापाशी उभ्या असणाऱ्या ताईंच्या हाताची मागची बाजू भाजून खरखरीत झालेली. आणि भांड्यांवरच्या मावशींबद्दल तर बोलायलाच नको. त्यांची नखांभोवतीची कातडी उकलते, तळहातावरच्या रेषांमध्ये काळपट भेगा पडतात, आणि दिवाळी सरून हवा कोरडी झाली की त्या भेगांतून रक्त येतं.

तळहाताची एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तेव्हापासून मी हाताकडे वेगळ्या नजरेने बघते. आपल्या चेहऱ्यावर, डोक्यात, पाठीवर बारीक तेलग्रंथी असतात. त्या दिवसरात्र स्वतःचं तेल पाझरत असतात. तळहाताला आणि तळपायाला त्या नसतातच. घामाच्या ग्रंथी भरपूर, तेलाची एकही नाही. म्हणजे शरीरानेच हे दोन अवयव कामाला लावले आणि त्यांच्या तेलाची सोय करायला विसरलं. त्यांच्याकडे जो काही स्निग्ध अंश असतो तो कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात, पेशींच्या फटींमध्ये भरलेला असतो. साबण तोच धुऊन नेतो. निरोगी त्वचा किंचित आंबट असते, पीएचच्या मापावर 5 च्या आसपास (7 च्या खाली आंबट, वर क्षार). अंगाच्या साबणाची वडी 9 ते 10. भांड्यांच्या वडीत सोडा असतो म्हणून ती आणखी तिखट. गरम पाणी हे काम आणखी झटपट करतं. फटींतलं तेल गेलं की आतलं पाणी वाफ होऊन उडायला मोकळं, आणि पाणी उडालं की कातडीची लवचीकता जाते. मग मूठ वळली की ती तडकते.

‘मग हातमोजे घाला ना,’ असं मला माझ्या मोठ्या वहिनी दर हिवाळ्यात फोनवर सांगतात. आणले होते. मावशींनी ते दोन दिवस मानाने वापरले आणि नळाच्या खुंटीला टांगून ठेवले. ‘ताई, भांडं स्वच्छ झालंय की नाही ते हाताला कळतं, मोज्याला नाही,’ असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. कढईच्या काठाशी चिकटलेला तेलाचा थर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. शिवाय मोज्याच्या आत घाम साचतो, आत एकदा पाणी गेलं की हात साबणाच्या पाण्यात मुरवत ठेवल्यागत होतं. आत सुती मोजे आणि वर रबरी अशी जोडी घातली तर फरक पडतो, पण तेवढ्या जाड हातांनी चहाचा पेला घासता येत नाही. मोठी पातेली मोज्यांनी आणि बारीक भांडी उघड्या हातांनी, अशी तडजोड सध्या चालू आहे.

तर मलम.

आमच्याकडे ते कोकमाच्या तेलाचं होतं. माझं माहेर सिंधुदुर्गातलं, आणि आते अजून तिथेच आहे. तिच्या परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं आहेत. एप्रिल-मेमध्ये फळं लालबुंद होतात, पाऊस यायच्या आत ती उतरवायची घाई असते. सालीची आमसुलं होतात, गराचं आगळ होतं, आणि बिया धुऊन उन्हात टाकल्या जातात. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना कोकम म्हणजे सरबत आणि सोलकढी एवढंच ठाऊक असतं. बी कचऱ्यात जाते असं त्यांना वाटतं. कोकणात ती डब्यात भरून ठेवतात, आणि मग पाऊस ऐन भरात आला, शेतातली लावणी आटोपली, की एखाद्या दुपारी ती फोडायला काढतात.

बी फोडायची, आतला गर कुटायचा आणि पाण्यात घालून चुलीवर उकळत ठेवायचा. तेल सावकाश वर येतं. रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी पाण्यावर फिकट, राखाडी-पिवळट पापुद्रा धरलेला असतो. तो काढायचा, पुन्हा वितळवून गाळायचा आणि अर्धवट घट्ट झाला की मुठीत दाबून त्याचे गोळे वळायचे. म्हणून आमच्याकडे त्याला मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. वाळलेल्या बियांच्या वजनाचा फार तर चौथा हिस्सा तेल निघतं, एवढ्या खटाटोपाला ते काहीच नाही. आतेकडून येणाऱ्या गोळ्यांवर तिच्या चार बोटांचे खोलगट ठसे असतात, एका बाजूला अंगठ्याचा. तिच्या करंगळीचं वरचं पेर काजूच्या हंगामात कधीतरी सुरीने गेलं, तिथे ठसाही आखूड उमटतो.

काजूचं निघालंच म्हणून सांगते. हात जाळणारं काम बघायचं असेल तर वेंगुर्ले-सावंतवाडीकडे काजूचं बघावं. बीच्या टरफलात जो चीक असतो तो लागला की कातडी काळी पडते आणि सोलून निघते. ओले काजूगर काढणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख फासून बसतात, आणि तरी हंगाम संपेपर्यंत त्यांच्या बोटांची सालं गेलेली असतात. आतेच्या मुठेलाचं पहिलं गिऱ्हाईक तीच बोटं. त्यानंतर टाचांच्या भेगा, त्यानंतर थंडीत फुटलेले ओठ.

कोकमाचं झाड हा मोठा बेभरवशाचा प्रकार, जाता जाता एवढं सांगायलाच हवं. झाडं नर आणि मादी वेगवेगळी. बीपासून लावलेलं रोप वाढवत बसायचं, आणि काही वर्षांनी मोहोर आला की समजायचं की हा नर निघाला, याला फळ धरणार नाही. मग कुऱ्हाड. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी जात दिली, कलमं मिळू लागली, त्यानंतर हा जुगार थोडा कमी झाला. आतेची झाडं मात्र सगळी जुनी, बियांचीच.

मुठेल हातात घेतलं तर दगडागत कडक. ते सुमारे 40 अंशांना वितळतं, म्हणजे पुण्याच्या हिवाळ्यात ते डबीत हलत नाही आणि कोकणातल्या घरात उन्हाळ्यातसुद्धा बहुधा घट्टच राहतं. त्याच्या उलट खोबरेल, जे 24 अंशांच्या वर पाणी होतं. कोकमात स्टिअरिक आणि ओलेइक या दोन आम्लांचा भरणा असतो. पहिलं त्याला कडक ठेवतं, दुसरं हातावर पसरू देतं. त्याला वास जवळजवळ नाही. हा गुण मला सर्वांत मोलाचा, कारण आमच्या धंद्यात हाताचा वास पोळीला लागतो. सुवासिक क्रीम लावून कणीक मळली तर पहिली पोळी तव्यावर पडताच गुलाब येतो. गिऱ्हाईक डबा उघडल्याबरोबर फोन करतं.

नुसतं मुठेल मात्र हाताला लावणं जड जातं. ते ओढत ओढत लागतं. ते सैल करायला दुसरं तेल हवं आणि धुतल्यावरही थोडं टिकून राहावं म्हणून मेण हवं. ही जोडी नवी नाही. तीळतेलात मेण विरघळवून केलेलं सिक्थतैल आयुर्वेदात आहेच, जखमेवरच्या जात्यादि तेलाच्या जुन्या पाठांतही मेण येतं. मी फक्त त्यात आतेच्या परसाची भर घातली.

मेण मी महाबळेश्वरकडच्या एका मधपेट्यावाल्यांकडून आणते. तो सगळा पट्टाच मधाचा. तिथल्या मांघर गावाला राज्य खादी मंडळाने 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ केलं. पेट्या बहुतेक सातेरी माश्यांच्या. पोळ्यातून काढलेलं कच्चं मेण तपकिरी असतं, त्यात माशीचे पंख, पराग, कोषांचे पापुद्रे, काय काय अडकलेलं. ते जुन्या सुती साडीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून गरम पाण्यात सोडायचं आणि उलथन्याने दाबायचं. मेण कापडातून झिरपून वर तरंगतं. थंड झालं की पाण्यावर पिवळी चकती तयार. उलटी केली की खालच्या अंगाला करडा गाळ चिकटलेला दिसतो, तो बोथट सुरीने खरवडून काढायचा. बाजारात पांढरं शुभ्र मेण मिळतं, पण ते पुष्कळदा मेणबत्तीचं असतं, म्हणजे पॅराफिन. हातांना त्याने इजा होत नाही, पण मलम ठिसूळ होतं आणि हातावर पापुद्रा धरून गळून पडतं. खऱ्या मेणाला नखाने कोरलं तर चुरा पडत नाही, आणि नाकाशी धरलं तर मधाचा वास येतोच येतो.

आता वनस्पती. इथे प्रत्येकाला मोह होतो. इंटरनेटवर हाताच्या मलमाच्या कृती शोधल्या की दहातल्या नऊ परदेशी असतात आणि त्यांत पिवळ्या-केशरी पाकळ्यांचं एक फूल असतं. त्याचं ‘मॅरिगोल्ड’ हे इंग्रजी नाव वाचून आपल्याकडचे लोक दसऱ्याचा उरलेला झेंडू तेलात घालतात. ते फूल कॅलेंड्युला. आपला झेंडू वेगळा, तो मुळात मेक्सिकोकडून आलेला. दोघेही एकाच सूर्यफुलाच्या कुळातले, एवढंच नातं. आणि या कुळाशी मी मलमात मुळीच खेळत नाही, त्याला कारण आहे. गाजरगवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, तेही याच कुळातलं. 1950 च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि तिथून देशभर माजलं. ज्यांचं अंग त्या गवताने उठतं, ज्यांच्या मानेला आणि कोपराच्या खोबणीत खाज सुटते, त्यांना त्याच कुळातली दुसरी फुलंपानंही बाधू शकतात. आमच्याकडच्या बऱ्याच जणी गावाकडे खुरपणी करून आलेल्या. त्यांच्या फुटलेल्या हातांवर झेंडू किंवा कंबरमोडी चोळायचं धाडस मी करणार नाही. गावाकडे खुरपं लागलं की कंबरमोडीचा पाला चुरून लावतात, ते मला माहीत आहे. पण तो एकदा लावायचा असतो, हिवाळाभर रोज नाही.

हळद? तिचा मान ठेवून मी तिलाही बाहेर ठेवलं. हळदीच्या मलमाने हात पिवळे होतात, तेवढं ठीक. पण त्या हातांना भांड्यांचा साबण लागला की ते लालसर होतात. हळदीत चुना घालून कुंकू करतात, त्याच तत्त्वाने. हळद क्षाराला भेटली की लाल होते. पोळ्या झाकायच्या पंचावर तांबूस डाग दिसले की गिऱ्हाइकाला वाटणार काय ते उघड आहे. कोरफडीचा विषय त्याहून सोपा: तिच्यात पाणी फार, आणि तेल-मेणाच्या मलमात पाणी राहिलं की पंधरवड्यात बुरशी. ताजी कोरफड कापून तशीच हाताला लावावी, डबीत कोंडू नये.

माझ्या मलमात जातात त्या दोनच गोष्टी, जाईची पानं आणि ज्येष्ठमध. तोंड आलं की जाईचा पाला चघळायला देणारी आजी ज्यांना लाभली त्यांना मी काही वेगळं सांगायला नको. वेल आमच्या इमारतीच्या कंपाउंडला आहे. ज्येष्ठमध काष्ठौषधींच्या दुकानातून आणायचा, काड्या बघून. पूड आणली तर तिच्यात काय आहे ते दुकानदार जाणे.

पानं तेलात उतरवायची रीत जुनी आहे आणि ती मला फार आवडते. एक भाग वाटलेला पाला, चार भाग तेल, सोळा भाग पाणी किंवा काढा. म्हणजे 50 ग्रॅम जाईच्या पानांची चटणी, 200 ग्रॅम घाण्याचं तीळतेल आणि 800 मिलिलिटर ज्येष्ठमधाचा काढा. एवढं पाणी बघून नवशिका घाबरतो, कारण ते सगळंच्या सगळं आटवायचं असतं. मंद आचेवर. शास्त्र तर म्हणतं की हे एका दिवसात उरकू नये, थोडं आटवावं, ठेवून द्यावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवावं. माझ्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण आमच्या शेगड्या सकाळभर अडलेल्या आणि संध्याकाळी मोकळ्या.

शेवटचा अर्धा तास मात्र जागचं हलायचं नाही. आधी पातेल्यात बुडबुडे मोठे असतात आणि आवाज उकळत्या पाण्याचा येतो. मग बुडबुडे बारीक होतात, तेलावर फेस धरतो, आणि आवाज चुरचुर होतो. आता उलथन्याच्या टोकाने तळाचा पाला थोडा काढायचा, फुंकर मारायची आणि अंगठा-तर्जनीत वळायचा. तो चिकट लागला, बोटाला लडबडला, तर पाणी आहे. वातीगत वळला गेला तर ती वात चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत न्यायची. तडतडली तर आणखी थोडा वेळ. गपचूप पेटली तर लगेच आच बंद, आणि तेल गरम असतानाच कापडातून गाळायचं. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे ना थर्मामीटर ना प्रयोगशाळा, त्यांनी पाण्याचा शेवटचा थेंब शोधायला कान वापरला. ज्या मलमाच्या तेलाची वात तडतडत नाही त्याला बुरशी धरत नाही. वर्षभर राहतं, फार तर तेल खवट होईल.

यापुढचं काम दहा मिनिटांचं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेलं. मेण कधीही थेट आचेवर ठेवायचं नाही, तापलं की ते पेट घेऊ शकतं. 25 ग्रॅम मेण आधी, कारण ते वितळायला 62-64 अंश लागतात. ते विरघळलं की 50 ग्रॅम मुठेल. मग 120 ग्रॅम सिद्ध केलेलं तेल. थंड स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाकून बघायचा, पाकाची तार बघतात तसा: निवल्यावर बोटाने ढकलला तर सुरकुती पडून सरकला पाहिजे. वाहिला तर मेण कमी, तुकडा पडला तर जास्त. एप्रिलच्या डब्यांत मी मेण थोडं वाढवते, नाहीतर स्कूटरच्या डिकीत मलमाचं तेल होतं. निवताना पातेलं गार पाण्यात धरून ढवळत राहायचं. सावकाश निवू दिलं तर मुठेलाचे रवे धरतात आणि मलम रवाळ होतं. गुण जात नाही, पण फुटलेल्या हाताला रवा टोचतो, आणि मावशी तोंडावर सांगतात की ताई, यंदाचं बिघडलं.

सणासुदीला केंद्र बंद असलं की कधी शतधौत घृतही होतं. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, पाणी घालून तळहाताने फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं. असं शंभर वेळा. तुपाचं पांढरं, गार, साबणाच्या फेसाहून हलकं काहीतरी होतं. उन्हाने किंवा आचेने तापलेल्या हाताला ते फार बरं वाटतं. पण त्यात पाणी कोंडलेलं असल्याने ते मलमाइतकं टिकत नाही, आणि शंभर वेळा धुवायला ज्या हातांना वेळ आहे त्यांना बहुधा मलमाची गरज नसते. भाजण्यावरून आठवलं: तव्याचा चटका बसला की कुणीही मलमाची डबी उघडायची नाही, असा आमच्याकडे सक्त नियम आहे. आधी नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. तूप नाही, कोलगेट नाही, मलम तर नाहीच. स्निग्ध थर ती आच आत कोंडतो.

आता पेट्रोलियम जेलीबद्दल. ‘एवढी यातायात करण्यापेक्षा व्हॅसलिन लाव की,’ असं म्हणणाऱ्यांचं मी मनापासून ऐकून घेते, कारण पाणी उडू न देण्याच्या एकाच कामात ती जेली माझ्या मलमाला हरवते. आणि तिचा जन्मही कष्टकऱ्यांच्या हातांतलाच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना एक चिकट, मेणचट राड साचायची. मजुरांना तिचा वैताग, कारण तिने पंप तुंबायचे. पण हात कापला, भाजला, की तेच ती बोटाने निपटून जखमेवर लावायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते पाहिलं, ती राड शुद्ध केली आणि 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं. ज्या बाईला मुठेल मिळत नाही तिने जेली खुशाल लावावी. माझी तक्रार एवढीच की ती लावल्यावर हात निसरडे होतात, मुठेलाचं मलम पाच मिनिटांत मुरतं आणि नंतर पाण्याचा पेला हातातून सटकत नाही.

पण मलम असो की जेली, दोन्हींत पाणी नाही. ती हाताला ओलावा देत नाहीत, असलेला ओलावा अडवतात. ही बाब मला आतेने कुठल्याही पुस्तकाच्या आधी सांगितली होती. मी एकदा टॉवेलने हात खसाखसा पुसून मुठेल चोळायला बसले, तर ती ओट्यापासून ओरडली, ‘वल्या हाताक लाय गो बाय! सुक्या हाताक लावन काय उपेग?’ हात धुवायचे, पाणी झटकायचं, आणि कातडी दमट आहे तोवर मलम. सुक्या हातावर लावलेलं मलम वर बसून राहतं, चिकचिक होते, आणि माणूस म्हणतो की गुण नाही.

मग ते लावायचं कधी? इथे सगळं गाडं अडतं. कामाच्या मध्ये लावून उपयोग नाही, पुढच्या कढईबरोबर ते जातं. लावून हात काही तास पाण्याबाहेर राहिले तरच ते काम करतं, म्हणून रात्री झोपताना लावावं, असं कुठलाही डॉक्टर सांगेल. मीही डब्या वाटताना तेच सांगायचे. आणि हिवाळा संपता संपता तव्यापाशी उभ्या असणाऱ्या ताईंचे हात बरे झालेले असायचे, कणकेच्या काकूंचे तर विचारायलाच नको, पण भांड्यांवरच्या मावशींचे जसेच्या तसे. पहिल्यांदा मला वाटलं, त्या लावतच नसतील. पण डबी तर रिकामी होऊन यायची.

एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर रिक्षात होते तेव्हा उलगडा झाला. केंद्रातून सुटल्या की त्या आणखी दोन घरी भांडी-फरशी करतात, सातला घरी पोहोचतात, स्वयंपाक करतात, जेवणं होतात, आणि रात्री दहाला घरची भांडी. मग मलम. मग अकराला पाणी येतं. त्यांच्या भागात नळाला रात्रीच पाणी सुटतं, ते भरायला उठायचं, आणि भरता भरता उद्याचे कपडे भिजवून टाकायचे. म्हणजे मलम हातावर राहायचं ते फार तर एक तास. जाईची पानं, ज्येष्ठमध, आतेच्या झाडाचं तेल, सातेरीचं मेण, सगळं रोज रात्री बादलीत जात होतं. हातावर पोट असणाऱ्या बाईला हात बाजूला ठेवून द्यायची मुभा कुणी दिलेली नसते, आणि माझ्या कृतीत त्या मुभेचं प्रमाण कुठे लिहिलेलंच नव्हतं.

माझ्या हातात होतं ते मी केलं. भांड्यांची वडी बदलून सौम्य द्रव आणला, मोठ्या पातेल्यांची पाळी वाटून दिली, दुपारी जेवणानंतर अर्धा तास मावशींनी पाण्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. त्या अर्ध्या तासात मलम लावून त्या मोबाइलवर मालिका बघत बसतात, बोटाचं पेर वाकवून स्क्रीन सरकवतात, कारण टोकांना तेल असतं. थोडा फरक पडला. रात्रीचं मात्र माझ्या हातात नव्हतं.

ते त्यांनीच निस्तरलं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी घरी जाहीर केलं की यंदाचं औषध फार कडक आहे, एकदा लावलं की सकाळपर्यंत पाण्याचा स्पर्श चालत नाही, झाला तर हात सुजतात. वर माझं नाव सांगितलं: ताईंनी बजावलंय. मला हे फेब्रुवारीत कळलं, तेही हात दाखवताना. भेगा भरून आल्या होत्या, तळहातावरच्या रेषा काळ्या नव्हत्या, अंगठ्याच्या बुडाशी तेवढी एक चीर उरली होती. मी विचारलं, मग रात्रीची भांडी आणि पाणी कोण बघतं? म्हणाल्या, ‘पोरगा. आयटीआयला जातोय, त्याला काय झालं.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘पण ताई, या खेपेला दोन डब्या द्या. त्याचे हात फुटायला लागलेत.’